ऑस्वल्डला गाडीत बसवलं

गार्सबी, यॉर्कशायर
३ जानेवारी १९६३

प्रिय नोरा,

नवं वर्ष सुखाचं जावो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. इकडे ते नवं वर्ष कुठून आत शिरलं तेच कळलं नाही. पुढचं दार उघडत नाही, बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत आला आहे आणि तुझी वहिनी हिल्डा दूधवाल्याशी न्हाणीघराच्या खिडकीतून भांडते.

तुझी खरी काळजी कसली ते मला ठाऊक आहे, तेव्हा आधी तेच सांगतो. आपल्या छोट्या रेल्वेच्या क्लबची शेड उभी आहे. आत आपलं छोटं गार्सबी कोरडं आहे, स्टेशन, बोगदा, टेकडी आणि तुझी सगळी झाडं जागच्या जागी. पण छपराच्या पत्र्यावर बर्फाचा थर चढतोच आहे. मी, सिरिल आणि ऑस्वल्ड आळीपाळीने तो ओढून खाली पाडतो. सिरिल बेकरीतलं पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं घेऊन येतो. त्यानंतर त्याच फावड्याने तो पाव काढतो की नाही, हे मी विचारलेलं नाही.

वाईट बातमी म्हणजे म्हातारा जेथ्रो नाताळात गेला. जमीन इतकी गोठली आहे की खड्डा खणणाऱ्यांची कुदळ मोडली. नंतर आपल्या रिवाजाप्रमाणे आम्ही त्याला गाडीत बसवलं. ऑस्वल्डने चिमट्याने त्याची बाहुली फलाटावरच्या बाकावरून उचलली आणि दुसऱ्या डब्यात खिडकीजवळ, इंजिनाकडे तोंड करून ठेवली. सिरिलने टोपी काढली आणि गाडीने एक फेरी मारली. आता फलाटावर मी, सिरिल, ऑस्वल्ड आणि तू, एवढेच उरलो. सिरिल म्हणत होता, नोरा गाव सोडून गेली, तिची बाहुली तरी इथे कशाला? त्यावर ऑस्वल्ड एकदम म्हणाला, "नोरा बारा इंचीने गेली आहे, आपल्या गाडीने नाही. ती तिथेच राहील." खऱ्या रेल्वेला, तिच्या फुटाला पुरे बारा इंच म्हणून, बारा इंची म्हणायची आपली थट्टा तो इतक्या गंभीरपणे करेल असं वाटलं नव्हतं.

ऑस्वल्डचं मात्र काहीतरी बिघडलं आहे. दुकानात घड्याळं दुरुस्तीला पडून आहेत आणि हा रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक चाळत बसतो. डेव्हनला जायला कुठे गाडी बदलावी लागते, असं दोनदा विचारलं. मला दाट संशय आहे की तो तिकडच्या रेल्वेची हिरवी इंजिनं करायला घेणार. आपल्या क्लबात हे चालणार नाही.

तुझा भाऊ,
एडविन


पोर्टकोम, डेव्हन
९ जानेवारी १९६३

प्रिय एडविन,

इथेही तेच. फिलिसने मला बोलावलं तेव्हा म्हणाली होती, मावशी, इथे बर्फ कसला तो पडत नाही. काल समुद्र काठाला गोठलेला मी या डोळ्यांनी पाहिला. भाचीवर विश्वास ठेवून घर बदलणारीला दुसरं काय मिळणार?

जेथ्रोचं वाचून वाईट वाटलं. त्याच्या बाहुलीची मिशी मी तीनदा रंगवली होती, दरवेळी म्हणायचा अजून जरा झुबकेदार कर. त्याला खिडकी दिलीत हे बरं केलंत.

छपरावर तू चढू नकोस. तुला शिंप्याच्या टेबलावर मांडी घालून बसायची सवय आहे, पत्र्यावर नाही. ऑस्वल्डलाही चढू देऊ नका, त्याची छाती आधीच नाजूक आहे. खोकला आहे का त्याला? सहज विचारते.

आणि तो हिरव्या इंजिनांच्या नादी लागेल असं मला वाटत नाही. फलाटावरच्या दिव्यांचा रंग बदलायला ज्याला दोन हिवाळे लागले, तो रेल्वे काय बदलणार? त्याला एकदा नीट विचार ना, वेळापत्रक कशाला हवं आहे ते. नको, विचारू नकोस. किंवा विचार, पण सिरिलसमोर नको.

मी निघायच्या आधी त्याने माझ्याकडे बोगद्याशेजारी लावायला हॉथॉर्नचं एक झाड मागितलं होतं. मी करून दिलं तर म्हणाला, असं नको, फुललेलं हवं. आपलं सगळं गार्सबी हिवाळ्यातलं, त्यात फुललेलं एकच झाड कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "असू दे." मग मीही असू दे म्हटलं आणि अर्धवट झाड घेऊन इकडे आले. या माणसाशी बोलणं म्हणजे भिंतीला कान लावून बसणं.

हिल्डाला सांग, लोकरीचे मोजे पोचले.

तुझी,
नोरा


गार्सबी स्टेशन
२१ जानेवारी १९६३

प्रिय नोरा,

टपालाची पिशवी तयार आहे आणि गार्ड घड्याळ बघतो आहे, म्हणून सिरिलच्या पावाच्या कागदावर घाईघाईत लिहितो.

छप्पर गेलं. शुक्रवारी दुपारी एका बाजूने वाकलं आणि बघता बघता खाली आलं. ऑस्वल्ड आत होता. इंजिनं काढायला गेला होता, आम्ही नको म्हणत असताना. फावड्यांनी बर्फ उपसून त्याला बाहेर काढलं. डॉक्टर आले, छातीला नळी लावली आणि नुसती मान हलवली.

छोटं गार्सबी मात्र वाचलं. सिरिलच्या दुकानाची दोन दारं काढून त्यांच्या घसरगाड्या केल्या, वर घोंगड्या घातल्या आणि सगळं ओढत स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये आणून मांडलं. गाड्या बंदच होत्या, तेव्हा स्टेशनमास्तरनेही हरकत घेतली नाही. म्हणजे आता गार्सबी स्टेशनात गार्सबी स्टेशन आहे आणि मला कधीकधी कळत नाही मी कुठल्यात उभा आहे. तुझी बाहुली तेवढी सापडत नाही. बर्फात गेली असेल.

आज सकाळी ऑस्वल्डला गाडीत बसवलं. अंगावर चांगला सूट होता, मीच शिवलेला. खिडकीजवळची जागा, इंजिनाकडे तोंड. निम्मं गाव जमलं होतं. सिरिलने टोपी काढून छातीशी धरली. वारा असा बोचरा की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हिल्डा तर उघडच रडत होती, का ते मला समजलं नाही. शेवटपर्यंत त्याने मनातलं कुणाला सांगितलं नाही. असल्या दिवसांत आम्हाला असं टाकून जायचं, याचा मला रागच आला आहे.

गार्ड शिट्टी वाजवतो आहे. बाकीचं मागाहून.

एडविन


पोर्टकोम
२६ जानेवारी १९६३

प्रिय एडविन,

परवा तुझं पत्र आलं. तेव्हापासून ते पावाच्या पिठाचा वास येणारं चिटोरं माझ्या हातात आहे.

तार का नाही केलीस? की तारा तुटल्या आहेत? इकडून कसं यायचं हे स्टेशनात विचारून आले, तर पुढे मार्गच बंद. म्हणजे मी पोचलेही नसते. ऑस्वल्डला कुठे पुरलं ते लिही. त्याच्या आईशेजारी जागा होती. तिथेच ना?

आता तुला एक सांगते, आणि तू हसलास तर मी पुन्हा कधी पत्र लिहिणार नाही. मला तो माणूस फार आवडत होता. सात वर्षं दर गुरुवारी मी त्या शेडमध्ये येत होते, ते काही झाडांचा भुसा रंगवायची हौस होती म्हणून नाही. हौस होती, पण एवढी नाही. तो शेजारी बसून एखादं चाक घासायचा आणि मी झाडं करायची, आणि मला वाटायचं की आज बोलेल. शेवटी वाटलं, मी निघाले म्हणजे तरी बोलेल. तर स्टेशनवर माझ्या हातात पेटी देत म्हणाला, "जंक्शनला पूल चढावा लागतो, जपून." हेच त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. जंक्शनचा पूल.

मला त्याचा राग येतो आणि रडू येतं, आणि दोन्हींपैकी आधी काय करावं ते समजत नाही. मी फिलिसला सांगून टाकलं आहे की मी कुणालाही भेटणार नाही. काल कुणी एक गृहस्थ दारात येऊन गेले म्हणे, देणगी मागायला असतील. तिने परत पाठवलं.

हॉथॉर्न फुललेलं करून पाठवते आहे. तंबाखूच्या डब्यात कापसात ठेवलं आहे, जपून काढ. बोगद्याशेजारी लाव. आणि ऑस्वल्डला अशा बाजूच्या खिडकीत बसव की गाडी बोगद्यातून बाहेर आली की त्याला ते दिसेल. बाहुलीच्या मफलरचा निळा रंग उडाला असेल, तो तसाच राहू दे.

नोरा


गार्सबी
१ फेब्रुवारी १९६३

प्रिय नोरा,

तुझं पत्र मी उभ्याने वाचायला घेतलं आणि खाली बसून संपवलं. ऑस्वल्ड गेला. आम्हाला कुणालाच काही ठाऊक नव्हतं. सिरिलला सांगितलं तर तो भट्टीसमोर तसाच उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचे पाव करपले.

पण नोरा, तुझ्या पत्रातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. तुला कळलं कुठून? कुठल्या हॉस्पिटलात होता तो? कधी गेला? त्याला कुठे पुरलं हे तू मला विचारतेस. मी इथे बसून काय सांगणार? त्याच्या आईशेजारची जागा तशीच आहे, वर चार हात बर्फ. हिल्डा म्हणते, या पत्रात काहीतरी उलटसुलट आहे. मी म्हटलं, दुःखात माणूस असंच लिहितो, शंका काढू नये.

आणि ते दुसरं. हसलो नाही. सात वर्षं दर गुरुवारी मी तुमच्या दोघांच्या मधल्या स्टुलावर बसून सँडविच खात होतो, आणि माझ्या काही म्हणजे काही लक्षात आलं नाही. हिल्डा म्हणते सगळ्या गावाला माहीत होतं. मग मला कुणी सांगितलं का नाही? निदान स्टूल तरी हलवलं असतं.

तुझं झाड लावलं. काल वेटिंग रूममध्ये सगळे जमलो. मी ऑस्वल्डची बाहुली उचलली, माझा हात त्याच्यासारखा स्थिर नाही, चिमट्यातून दोनदा निसटली. ज्या माणसाला परवापरवा गाडीत बसवलं त्यालाच पुन्हा गाडीत बसवावं लागेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. जेथ्रोच्या समोरची खिडकी दिली आहे. झाड दिसतं. मी खाली वाकून त्याच्या जागेवरून पाहिलं.

आता फलाटावर फक्त मी आणि सिरिल आहोत. फार मोठा वाटतो फलाट.

तुझा,
एडविन


तार
पोर्टकोम, ४ फेब्रुवारी

पुन्हा म्हणजे काय. पहिल्यांदा बसवलं ती गाडी कुठली. आपली की बारा इंची. ताबडतोब कळव. नोरा


तार
गार्सबी, ४ फेब्रुवारी

बारा इंची. बर्फ काढणाऱ्या इंजिनामागची. स्वतःच्या पायांनी चढला. हिल्डा म्हणते तुझ्याकडेच निघाला होता. मग तो मेला कधी. एडविन


पोर्टकोम
५ फेब्रुवारी १९६३

एडविन,

तू गाढव आहेस. तुझ्या पत्राला सुरुवात करायला दुसरं काही सुचत नाही.

"बारा इंचीने" एवढा एक शब्द लिहिला असतास तर काय गार्ड तुला सोडून गेला असता? आपल्या क्लबात माणसाला गाडीत बसवलं म्हणजे काय, हे तूच मला विचारतोस? आणि वर खिडकी, इंजिनाकडे तोंड, सिरिलची टोपी. डॉक्टरने मान हलवली ती काय म्हणून हलवली?

तुझी तार वाचली आणि मला तो दारात आलेला माणूस आठवला. फिलिसला विचारलं, कसा होता ग? म्हणाली, उंच, निळा मफलर, खोकत होता, हातात छोटा डबा. नाव सांगितलं पण खोकल्यात गेलं. ती त्याला म्हणाली होती, "मावशी कुणाला भेटत नाही. तिचे एक अगदी जवळचे गृहस्थ वारले." यावर त्याने हॅट काढली आणि त्रास दिल्याबद्दल माफ करा म्हणून बर्फातून निघून गेला.

एडविन, मी कोट उलटा घालून बाहेर पडले. समुद्राकाठची सगळी लॉजिंगं पालथी घातली. कुठे घड्याळजी नाही, कुठे खोकणारा नाही. एका बाईने तर मला चहा पाजला आणि विचारलं, बाई, तुमचे कोण हरवले? कोण म्हणून सांगणार? शेवटी पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि म्हटलं, नोरा, डोकं चालव. परक्या गावात, बर्फात, गाड्या बंद असताना ऑस्वल्ड मेटकाफ जाईल कुठे?

मासळीच्या दुकानावर एक माडी आहे. तिथे इथल्या लोकांचा छोट्या रेल्वेचा क्लब भरतो. मी महिनाभर त्या पाटीखालून जात होते आणि वर जायचं टाळत होते. जिना चढले. आत पाचसहा म्हातारे घोंगड्या पांघरून चहा पीत होते, आणि मधे डोळ्याला भिंग लावून तो बसला होता. हातात हिरवं इंजिन. तेवढा तुझा संशय खरा निघाला.

त्याने भिंग काढलं, उभा राहिला, आणि म्हणाला, "नोरा, झालं ते ऐकलं. फार वाईट वाटलं. भला माणूस असणार."

"कोण?"

"तुझे ते. वारले ते."

मी म्हटलं, "ऑस्वल्ड, ते तू."

त्याने यावर बराच विचार केला. कसा करतो ते तुला ठाऊक आहे. मग म्हणाला, "मला तसं कुणी सांगितलं नाही."

मी तिथल्याच एका स्टुलावर बसून रडले, सगळ्या हिरव्या इंजिनवाल्यांसमोर. एकाने मला त्याची घोंगडी दिली. ऑस्वल्डला खोकल्याची उबळ आली, ती थांबल्यावर त्याने सगळं सांगितलं. वाटेत कुठल्याशा स्टेशनात तो तापाने पडून होता म्हणून उशीर झाला. परतीची गाडी मिळेपर्यंत इथे कामाला बसला होता. माझा दुखवटा संपेपर्यंत थांबावं की निघून जावं, हे त्याचं ठरत नव्हतं. स्वतःच्याच दुखवट्यात अडथळा नको म्हणून बिचारा त्या माडीच्या जिन्याखालच्या खोलीत दबकून राहत होता.

मग त्याने डबा उघडला. त्यात माझी बाहुली होती. बर्फात वगैरे काही गेली नव्हती. तिच्यासाठीच तो शेडमध्ये शिरला होता, इंजिनांसाठी नाही.

"फलाटाच्या टोकाला एकटी उभी असायची," तो म्हणाला. "रोज बघवेना. म्हटलं, तुलाच विचारावं, हिला कुठे ठेवू?"

मी विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"बोगद्याजवळ घर करतो आहे. लहानसं. दारात फुललेलं हॉथॉर्न हवं होतं."

एवढं बोलायला त्याला सात वर्षं आणि अर्धं इंग्लंड लागलं. मी हो म्हटलं. तो खाली बसला आणि इंजिनाचा एक स्क्रू राहिला होता तो आधी पक्का केला.

नोरा


गार्सबी
११ फेब्रुवारी १९६३

प्रिय नोरा आणि ऑस्वल्ड,

दोघांना एका पत्रात लिहिताना हात अडखळतो, पण सवय होईल. नोरा, हिल्डाने तुझं पत्र जिन्यात बसून वाचलं. हसत होती की रडत होती ते मला आताही समजलं नाही. मला गाढव म्हणायचा मान आता तुझ्याकडे आणि हिल्डाकडे वाटून आहे. सिरिलने सगळ्या वेटिंग रूमला गोड बन फुकट वाटले. गाड्या नसल्या तरी लोक रोज येतात, शेकोटी असते आणि छोट्या गार्सबीत गाड्या वेळेवर धावतात. खऱ्या स्टेशनमास्तरला आमचा हेवा वाटतो.

ऑस्वल्ड, तुला माझ्या हाताने गाडीत बसवलं त्याची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. असं आजवर कुणाच्या बाबतीत झालेलं नाही.

पण एक पेच पडला आहे आणि त्यावर आमचं दोन दिवस भांडण चालू आहे. ऑस्वल्ड अजून त्या डब्यात जेथ्रोसमोर बसला आहे. मी म्हटलं, काढतो. सिरिल म्हणतो, थांब, त्या गाडीतून आजवर कुणी उतरलेलं नाही, तसा रिवाजच नाही, काहीतरी वावगं होईल. मी म्हटलं, जिवंत माणूस आत बसवून ठेवणं वावगं नाही का? तर म्हणतो, तेही वावगं. त्यामुळे दोन दिवस आम्ही ती गाडी चालवलेलीच नाही. बोगद्याच्या तोंडाशी उभी आहे, झाडाशेजारी. काय करू ते कळव.

एडविन


पोर्टकोम
१५ फेब्रुवारी १९६३

प्रिय एडविन,

गाडीला हात लावू नकोस. ऑस्वल्ड म्हणतो, त्याचा चिमटा त्याच्याजवळ आहे, तो स्वतःच स्वतःला उतरवेल. मी विचारलं, फलाटावर उतरणार की घराजवळ? म्हणाला, "फलाटावर. तिथून पायी." माझी बाहुली त्याच्या कोटाच्या खिशात आहे.

डॉक्टरने छाती तपासली आणि मान हलवली. मी लगेच विचारलं, मान हलवली म्हणजे काय ते शब्दांत सांगा. प्रवासाला हरकत नाही, असं म्हणाले.

मार्ग उघडला आहे. पुढच्या शनिवारी दुपारच्या गाडीने आम्ही येतो. बारा इंचीने, एडविन, बारा इंचीने. दोघंही बसलेले असू, खिडकीजवळ, इंजिनाकडे तोंड करून, कारण ऑस्वल्डला पाठमोरं बसलं की मळमळतं. सिरिलला नीट समजावून सांग.

आणि तुम्ही दोघं न्यायला याल तेव्हा, कितीही वाटलं तरी, कृपा करून टोप्या काढू नका.

नोरा